कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या डॉक्टरांकडे जावे? ठाणे व नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शिका

ठाण्यातील गोखले रस्त्यावर किंवा वाशीतील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी डॉक्टरांच्या पाट्या एकाखाली एक लागलेल्या असतात आणि प्रत्येक नावापुढे पदव्यांची रांग असते. ती अक्षरे वाचता आली आणि त्यांमागचे काम ठाऊक असले, तर चुकीच्या दवाखान्याचे उंबरठे झिजवण्यात जाणारा वेळ, पैसा आणि नको त्या तपासण्या बऱ्याच अंशी टळतात. साध्या डोकेदुखीसाठी थेट न्यूरोलॉजिस्टची वेळ घेणारे आणि महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्याकडे आहेत. सुरुवात कोठून करावी हा प्रश्न मात्र दोघांचाही एकच असतो.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून

एमबीबीएस हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी, असते. एवढे शिक्षण घेतलेला डॉक्टर ताप, खोकला, जुलाब, लघवीची जळजळ, साध्या जखमा, नेहमीचा रक्तदाब आणि मधुमेह यांवर स्वतः उपचार करतो. त्याचे खरे मोल मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे. आपल्या वडिलांना चाळिशीत झटका आला होता, आपल्याला सल्फाची ॲलर्जी आहे, मागच्या वर्षी हिमोग्लोबिन घसरले होते, हे सारे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे कोणत्या तक्रारीला घाबरायचे आणि कोणत्या तक्रारीला दोन दिवस थांबायचे, हे तो तज्ज्ञापेक्षाही चांगले सांगू शकतो. घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांत राहायला आलेल्या कुटुंबांचा असा एकही डॉक्टर नसतो आणि प्रत्येक दुखण्याला मोठ्या रुग्णालयाची ओपीडी गाठली जाते, ही मला या शहरांतील सर्वांत मोठी उणीव वाटते. घर बदलले की दूधवाला आणि शाळा शोधतो, तसा चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा एक डॉक्टर शोधून ठेवावा.

फॅमिली डॉक्टरांच्या पुढची पायरी म्हणजे फिजिशियन, अर्थात एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी मेडिसिन हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला डॉक्टर. न उतरणारा ताप, डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, आटोक्यात न येणारी साखर, थायरॉइड, कारण न कळणारी वजनातील घट किंवा थकवा, यांसाठी त्याच्याकडे जावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लेप्टोचा संशय घेण्यासाठी त्यांना याच माहितीची गरज असते. एकाच वेळी तीन-चार आजार असलेल्या ज्येष्ठांची सर्व औषधे एका फिजिशियनच्या नजरेखाली असणे फार हिताचे ठरते, कारण हृदयाचा, गुडघ्याचा आणि पोटाचा तज्ज्ञ आपापली चिठ्ठी लिहून मोकळा होतो आणि गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला झेपणार आहे की नाही, हे पाहायला कोणीच उरत नाही.

लहान मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ असतो आणि साधारण अठरा वर्षांपर्यंतची मुले त्याच्या कक्षेत येतात. लसीकरण आणि आजारपण एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. प्रत्येक भेटीत वजन-उंची आलेखावर मांडून वाढ योग्य चालली आहे का, हे तो पाहतो. तो आलेख मांडला जात नसेल, तर पालकांनी विचारावे.

एकाच अवयवाचे दोन तज्ज्ञ

सर्वाधिक गोंधळ होतो तो येथे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, पोट अशा मोठ्या अवयवांना साधारणपणे दोन-दोन वाली असतात, एक औषधाने उपचार करणारा आणि दुसरा शस्त्रक्रिया करणारा. पहिला एमडीनंतर तीन वर्षांची डीएम ही पदवी घेतो, तर दुसरा एमएस या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर पदवीनंतर तेवढ्याच काळाची एमसीएच ही पदवी घेतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी ही पदवी एमडी-एमएसच्या, तर डीआरएनबी ही डीएम-एमसीएचच्या तोडीची मानली जाते. कोणत्या अवयवाचे दुखणे आहे, यापेक्षा त्या दुखण्यावर काय करावे लागणार आहे, या प्रश्नाने डॉक्टर निवडला तर चूक सहसा होत नाही.

मूत्रपिंडाचे उदाहरण घेऊ. पायांवर व चेहऱ्यावर सूज येत असेल, लघवीतून प्रथिने जात असतील, क्रिएटिनिन वाढले असेल किंवा डायलिसिसची वेळ आली असेल, तर नेफ्रोलॉजिस्ट. मुतखडा, पुरःस्थ ग्रंथीची (प्रोस्टेटची) वाढ, लघवीच्या मार्गातील अडथळा किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर युरोलॉजिस्ट. खडा अडकून मूत्रपिंडालाच सूज आली, तर दोघेही लागतात. पण आधी खडा काढणारा लागतो.

मेंदूच्या बाबतीत फिट येणे, अर्धशिशी, पक्षाघात, कंपवात, विस्मरण हे न्यूरोलॉजिस्टचे क्षेत्र आहे, तर गाठ, डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव आणि मणक्यातील दबलेली नस हे न्यूरोसर्जनचे. मणक्याच्या शस्त्रक्रिया अस्थिरोगतज्ज्ञांपैकी काही जणही करतात, त्यामुळे कंबरदुखीसाठी सुरुवातीलाच न्यूरोसर्जन गाठण्याचे कारण नाही. बहुतेक कंबरदुखी औषध, व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टच्या मदतीने बरी होते. मात्र कंबरदुखीबरोबर पायांतली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

हृदयाची विभागणी थोडी फसवी आहे. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करणारा कार्डिओलॉजिस्ट हा शल्यचिकित्सक नसतो. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून तो काम करतो. छाती उघडून बायपास किंवा झडप बदलण्याचे काम हृदय शल्यचिकित्सकाचे. अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असतील आणि ‘स्टेंट की बायपास’ असा प्रश्न उभा राहिला, तर या दोघांनीही अहवाल पाहिलेला असावा, असा आग्रह रुग्णाने धरावा, अर्थात झटका चालू नसून विचाराला वेळ असेल तेव्हा. पोटाबाबतही तसेच आहे: यकृत, आम्लपित्त, आतड्यांची सूज आणि दुर्बिणीची तपासणी गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टकडे, पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स आणि हर्निया जनरल सर्जनकडे.

कर्करोगात दोन नव्हे, तीन तज्ज्ञ असतात, शस्त्रक्रिया करणारा, केमोथेरपी देणारा आणि किरणोपचार देणारा. यांपैकी कोणाचे उपचार आधी, हे रोगाच्या प्रकारावर ठरते, म्हणून तिघांनी मिळून आराखडा ठरवणारे रुग्णालय निवडणे श्रेयस्कर. खारघर येथील ॲक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचेच केंद्र आहे, हे नवी मुंबईतील अनेकांना अजूनही ठाऊक नसते आणि ते पहाटे परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात.

डोळे, कान-नाक-घसा, हाडे आणि स्त्रीरोग या शाखांत मात्र एकच डॉक्टर औषधही देतो आणि शस्त्रक्रियाही करतो.

जेथे हमखास चुकते

स्तनात गाठ लागली की बहुतेक स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. हे डॉक्टर पहिली तपासणी करून देतातही, परंतु स्तनाच्या गाठीचे पुढचे काम जनरल सर्जन किंवा स्तनरोगाच्या शल्यचिकित्सकाचे आहे. गाठ दुखत नाही म्हणून थांबणे धोक्याचे, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

कूस बदलताना किंवा वर पाहताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटते आणि मिनिटभरात थांबते, अशी चक्कर पुष्कळदा कानाच्या आतील भागातून आलेली असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ रुग्णाला खाटेवर विशिष्ट पद्धतीने आडवे करून, मान वळवून ती जागेवरच बरी करू शकतो. हेच रुग्ण आधी मेंदूचा एमआरआय काढून येतात, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. चकरेबरोबर बोलणे अडखळले, चेहरा वाकडा झाला, एक वस्तू दोन दिसू लागल्या किंवा तोल पूर्ण गेला, तर तो मेंदूचा प्रश्न असतो आणि तेथे दवाखान्याची वेळ पाहत बसायचे नसते.

शौचावाटे रक्त पडले की लोक त्याला स्वतःच मूळव्याध ठरवतात आणि रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींच्या मागे जातात. दुखून रक्त पडत असेल तर ते बहुधा गुदद्वाराची चीर, म्हणजे फिशर असते. त्याचा उपचार वेगळा. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीने, विशेषतः शौचाची सवय बदलली असेल किंवा वजन घटत असेल तर, सर्जन अथवा गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टकडे जाऊन मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी की नाही, हे विचारलेच पाहिजे.

आपल्या दमट हवेत जांघेत व काखेत होणाऱ्या गजकर्णासाठी औषधाच्या दुकानातून थेट आणलेले मलम हे आणखी एक दुखणे. त्यांतील कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते; खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत जाते आणि मग त्वचारोगतज्ज्ञाला कित्येक आठवडे औषध द्यावे लागते.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून देणारा ऑप्टोमेट्रिस्ट प्रशिक्षित असला, तरी तो नेत्ररोगतज्ज्ञ नव्हे. मधुमेहींनी दिसण्यात काही फरक नसला तरी वर्षातून एकदा नेत्ररोगतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्या तपासणीसाठी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतात, त्यामुळे पुढचे काही तास जवळचे अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही. स्वतःची दुचाकी घेऊन जाऊ नये.

मनाच्या आजारांसाठी

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी झालेला डॉक्टर असतो. तो निदान करतो आणि औषधे लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसून मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेला तज्ज्ञ असतो. तो चाचण्या घेतो, संवादातून उपचार करतो, पण औषधे देऊ शकत नाही. झोप उडणे, सतत उदास वाटणे, भास होणे, व्यसन किंवा आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. पुढे दोघांचे काम बरोबरीने चालते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, म्हणजे दाखल न होता तपासून औषध घेता येते. त्या इमारतीच्या नावाला घाबरणारी घरे अजून आहेत. ज्यांना घराबाहेर पडणेच कठीण वाटते, त्यांना केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

पडद्यामागचे डॉक्टर

काही डॉक्टरांना रुग्ण स्वतः निवडत नाही, तरी त्याचे सारे त्यांच्या हातात असते. भूलतज्ज्ञ हा त्यांतला पहिला. सुई टोचून निघून जाणारा माणूस अशी त्याची प्रतिमा असली, तरी शस्त्रक्रिया संपून रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन सांभाळणारा तोच असतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो तपासायला येतो, तेव्हा तोंड पूर्ण उघडायला व मान मागे टाकायला सांगतो, कारण श्वासनलिकेत नळी घालायला किती जागा मिळेल, हे त्याला आधीच पाहायचे असते. हलणारा दात, कवळी, घोरणे, दमा, पूर्वीच्या भुलीचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू आणि दारू हे सर्व त्याला खरे सांगावे. नातेवाईक शेजारी उभे आहेत म्हणून दारूचा विषय टाळणे जिवावर बेतू शकते. प्रौढांनी जेवण किमान सहा तास आणि साधे पाणी किमान दोन तास आधी बंद करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. तळलेले व जड जेवण झाले असेल तर याहून अधिक वेळ लागतो. ‘एक कप चहाने काय होणार’ म्हणून दुधाचा चहा घेतला, तर तो जेवणातच धरला जातो आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कारण भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते.

रेडिओलॉजिस्ट एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय वाचतो. सोनोग्राफी तो स्वतः करतो, त्यामुळे तेथे त्याचा हात आणि डोळा दोन्ही महत्त्वाचे. गरोदर स्त्रीकडे ओळखपत्र मागितले जाते आणि अर्ज भरून घेतला जातो, तो १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे. त्यावर नाराज होण्याचे कारण नाही.

पॅथॉलॉजिस्ट रक्ताचे व गाठीच्या तुकड्याचे निदान करतो. बायोप्सीच्या अहवालाला काही दिवस लागतात, कारण तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून, काही मायक्रॉन जाडीचे काप काढून, रंगवून मगच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. हे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागितल्यास मिळतात. दुसरा सल्ला घ्यायला जाताना केवळ कागदी अहवाल न नेता त्याही न्याव्यात.

पाटी कशी वाचावी

केवळ ‘एमडी’ लिहिले असेल आणि पुढे शाखा नसेल, तर कशातील एमडी, हे सरळ विचारावे. बीएएमएस ही आयुर्वेदाची, बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी आहे. या दोन्ही शाखांतही एमडी असते. आपल्या शहरांतील बऱ्याच वस्त्यांत रात्री नऊनंतर उघडा असणारा एकमेव दवाखाना याच पदवीधरांचा असतो, हे वास्तव आहे आणि त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही. पण आपण कोणत्या शाखेचे उपचार घेत आहोत, हे रुग्णाला ठाऊक असावे. दातांसाठी बीडीएस आणि त्यापुढे एमडीएस या पदव्या असतात.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणे त्यांना बंधनकारक आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. नावापुढे ‘फेलो’ किंवा आठवडाभराच्या परदेशी प्रशिक्षणाचा उल्लेख असेल तर तो वाईट नव्हे, परंतु तो मूळ पदव्युत्तर शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

सरकारी व पालिकेची रुग्णालये

तज्ज्ञ म्हणजे खासगी रुग्णालयच, असा समज येथे पक्का झालेला आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे ठाणे महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने तेथे बहुतेक मूळ शाखांचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालये वाशी, नेरुळ आणि ऐरोली येथे आहेत. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात नोकरी असून पगारातून ईएसआयची रक्कम कापली जात असेल, तर कामगार विमा रुग्णालयाचा हक्क कुटुंबालाही असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेची माहिती व मदत देणाऱ्या कर्मचाऱ्याचे, टेबल असते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी तेथे विचारावे, दाखल होऊन पैसे भरल्यावर नव्हे. सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते आणि प्रत्येक शाखेचे ठरावीक वार असतात, ते आदल्या दिवशी विचारून ठेवावेत.

वेळ दवडू नये अशी दुखणी

छातीत दाब येऊन घाम फुटणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दम लागणे, या वेळी कोणता डॉक्टर हा प्रश्नच नसतो. जवळच्या अपघात विभागात जाऊन ईसीजी काढायचा असतो. मधुमेहींना आणि स्त्रियांना नुसती छातीतली जळजळ किंवा अशक्तपणा जाणवू शकतो, तेव्हा ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो; म्हणून चोवीस तास सीटीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच पाहून ठेवावे. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतची संध्याकाळची कोंडी लक्षात घेता, ओळखीचे लांबचे रुग्णालय गाठण्यापेक्षा अनोळखी पण जवळचे रुग्णालय बरे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक विनामूल्य आहे.

भेटीला जाताना

डॉक्टरांसमोर मिळणारी दहा मिनिटे सत्कारणी लावायची असतील, तर तक्रार केव्हा सुरू झाली, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे तीन-चार ओळींत लिहून न्यावे. अहवाल तारखेनुसार लावावेत, जुना वर आणि नवा खाली. चालू औषधांची पाकिटेच सोबत न्यावीत. ‘ती पांढरी छोटी गोळी’ असे सांगून कोणालाच काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे, प्रथिनांची पावडर आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्याही त्यात असू द्याव्यात. निघण्यापूर्वी हा त्रास कशाचा आहे, औषध किती दिवस घ्यायचे, काय झाले तर लगेच परत यायचे आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे यायचे की फॅमिली डॉक्टरांकडे, हे चार प्रश्न विचारावेत. मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि घाई नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात पहिल्याचा अपमान नाही. त्यासाठी अहवालांच्या प्रती व स्कॅनची सीडी मागून घ्यावी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतःचे मत देईपर्यंत पहिल्यांनी काय सुचवले, हे सांगण्याची घाई करू नये. उपचार संपल्यावर डिस्चार्ज कार्डाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन द्यावी, म्हणजे टाके कधी काढायचे आणि नव्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या, यावर त्यांचेही लक्ष राहते.